कादंबरीची फलश्रुती

खरे सांगा, गेल्या दिवाळीपासून तुम्ही ज्या कादंबऱ्या वाचल्यात त्यांतली एक तरी तुमच्या घरात दुसऱ्या कोणी ऐकली का? वाचली का, असे मी विचारत नाही. ऐकली का? नसणारच. तुम्ही आरामखुर्चीत पडून ती मनातल्या मनात वाचलीत, नायिकेच्या दुःखाने डोळे पुसलेत, आणि मग स्वयंपाकघराकडे तोंड करून चहा अजून का झाला नाही म्हणून ओरडलात. आतल्या माणसाला तुमच्या नायिकेचे काय झाले ते कळले नाही. आतल्या माणसाचे काय चालले आहे ते तुम्हाला कळले नाही. याला तुम्ही वाचनाची आवड म्हणता!

हा प्रश्न विचारण्याचा मला अधिकार आहे, कारण कादंबऱ्या मोठ्याने वाचणे हा माझा पोटाचा धंदा आहे. बारामतीच्या एका वाचनालयाचा मी फिरता वाचक आहे. पुस्तकांची पत्र्याची पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधायची, कालव्याच्या कडेकडेने वाड्यावस्त्या घेत इंदापुरापर्यंत जायचे आणि तसेच परत यायचे. ज्यांना वाचता येते त्यांना पुस्तक द्यायचे, ज्यांना येत नाही त्यांना वाचून दाखवायचे. दुसऱ्या प्रकारचे लोक फार असल्यामुळे माझी पेटी कमी झिजते आणि घसा जास्त.

खरे तर मी कादंबऱ्यांचा माणूसच नव्हे. मी पत्रकांवर वाढलो. वडील चळवळीतले. आमच्या घरी बसायला सतरंजी नव्हती, पण पत्रकांचे गठ्ठे होते, त्यामुळे आम्ही लहानपणापासून विचारांवरच बसत आलो. मी वाचलेले पहिले वाक्य 'बंधूंनो, जागे व्हा!' हे. प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असते अशी माझी कितीतरी वर्षे समजूत होती. शाळेत मी 'आज सोमवार आहे' हे वाक्य असे वाचले, की डुलकी लागलेले गुरुजी खुर्चीवरून उठून उभे राहिले.

कादंबरी म्हणजे पोट भरलेल्यांचा वेळ घालवण्याचा उद्योग, असे माझे ठाम मत होते. वाचनालयाची नोकरी मी धरली ती पेटीतून पत्रके गावोगाव नेता येतील म्हणून. चिटणीस नाना हे निवृत्त मुख्याध्यापक. पोरांनी खिशात काय लपवले आहे हे ओळखण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी पहिल्याच दिवशी माझी पेटी उघडली, पत्रके काढून टेबलावर ठेवली आणि त्यांच्या जागी जाड जाड कादंबऱ्या भरल्या.

"नाना, लोकांना जागं करायचं आहे!" मी म्हणालो.

"दिवसभर खुरपून आलेल्या माणसाला जागं ठेवून दाखव आधी," नाना म्हणाले. "मग जागं कर."

हा धंदा वरून सोपा दिसतो. कंदील, घोंगडी आणि पुस्तक, एवढेच भांडवल. पण त्यात खाचाखोचा आहेत. सूर्यास्ताचे वर्णन आले की लोक विड्या पेटवतात, कारण तो सूर्यास्त त्यांनी त्याच दिवशी फुकट पाहिलेला असतो. प्रकरण धारा काढायच्या वेळेआधी संपले पाहिजे. नाहीतर नायक कड्यावर लटकलेला असताना अर्धी सभा म्हशीकडे जाते. आणि प्रेमाचा प्रसंग आला की वाचकाने वर पाहायचे नाही. वर पाहिले की सगळे एकदम खोकतात.

पळसदेवला मी एका थंड देशातली जाडजूड कादंबरी लावली होती. तिच्यातल्या एकेका माणसाला तीन तीन नावे. शहरातले शिकलेले वाचक या नावांपायी पुस्तक परत करतात. पळसदेवच्या लोकांना काही अडचण नव्हती. ते म्हणाले, "आमच्यातबी तसंच हाय की. कागदावर येक, घरात येक, आन् पाठीमागं तिसरं." सगळे सुरळीत चालले होते. पण एका प्रकरणात थंडीने नदी गोठली आणि नायक तिच्यावरून चालत पलीकडे गेला. पुढे बसलेला नावाडी ताडकन उठला. "असल्या मुलखात आमी काय खावं?" म्हणून जो गेला तो परत वाचनाला आला नाही. भीमेवर त्याची नाव चालत होती. त्या एका पानाने तो दुखावला तो दुखावलाच.

जळोचीत मी नव्या वळणाची कादंबरी नेली. पुण्यातल्या जाणकारांनी फार वाखाणलेली. तिच्यातला नायक खिडकीशी बसून आपल्या मनात काय चालले आहे त्याचा विचार करतो. पहिल्या प्रकरणात करतो, दुसऱ्यात करतो, तिसऱ्यात त्याला कोणी चहा आणून देते तर तो नको म्हणतो. एक म्हातारी माझ्याकडे टक लावून ऐकत होती. मला वाटले, हिच्या काळजाला भिडले. तिने विचारले, "ह्येला घरातनं कुणी काय काम सांगत न्हाय व्हय?" मी म्हणालो, "नाही." ती म्हणाली, "मग त्येला कसं चांगलं वाटंल?" पुण्यातल्या जाणकारांनी त्या पुस्तकावर बरेच लिहिले आहे. इतके नेमके मी वाचलेले नाही.

पण मला सांगायचे आहे ते सांगवीच्या अलीकडच्या एका वाडीचे.

कालव्याचे पाणी आल्यापासून ही वाडी भाजीपाल्यावर आणि उसावर सुधारली. तिथे मी नेली ती आमच्या पेटीतली सर्वांत जुनी कादंबरी. मुखपृष्ठ केव्हाच गेलेले, लेखकाचे नाव वाळवीने खाल्लेले. गोष्ट एका शहरातल्या मोठ्या घरातली. कावेरी नावाची मुलगी लहान वयात विधवा होते. एक वकिलीची परीक्षा देणारा तरुण तिच्याशी लग्न करावे असे मनात आणतो; पण प्रत्येक प्रकरणात तो बोलायला म्हणून निघतो आणि नदीकाठी फिरायला जातो. ही मात्र मी आवडीने उचलली होती. विधवाविवाहावर आमच्या घरी पत्रकांचा एक आख्खा गठ्ठा होता. हा लेखक आपल्यापैकीच, असे मला वाटले.

वाचन मारुतीच्या देवळात. मी पेटी उघडली तेव्हा धोंडीबा आबा चौरंग घेऊन आले. आबा वाडीतले सगळ्यांत म्हातारे. तरुणपणी मेंढरांमागे सगळा मुलूख फिरलेले. त्यांनी चौरंगावर लाल फडके घातले, पुस्तक त्यावर ठेवले, हळदकुंकू वाहिले आणि नारळ फोडला.

"आबा, ही कादंबरी आहे. पोथी नव्हे," मी म्हणालो.

"जाड हाय, जुनी हाय, बसून ऐकायची हाय. मग पोथीच की."

"आणि मी देव मानत नाही."

"नको मानू. तुला कुणी म्हटलंय? पोथी मान, म्हंजी झालं. वाच, बुवा."

तेव्हापासून मी, चळवळीतल्या बापाचा मुलगा, त्या वाडीचा बुवा झालो. पोथीचे सगळे नियम कादंबरीला लागू झाले. पुस्तकापेक्षा उंच बसायचे नाही. प्रकरण संपले की आरती आणि गूळखोबरे. एकदा लावलेली पोथी अर्धी सोडायची नाही, आणि शेवट झाला की समाप्तीचे जेवण. आबा चौरंगाशी बसून प्रत्येक वाक्याला "व्हय" म्हणून हुंकार देत. कावेरीने केस विंचरले, व्हय. वकील नदीकाठी गेला. व्हय, आन् परत आला का न्हाय?

खरी पंचाईत चौथ्या प्रकरणात झाली. कावेरीचे पुन्हा लग्न होणे कसे अशक्य आहे, हे लेखकाने पानेच्या पाने रंगवले होते. मी ती सगळी ठासून वाचली. वाचून संपल्यावर मागून एका बाईने साधेपणाने विचारले, "मग पाट का लावंनात तिचा?"

पाट म्हणजे विधवेचे दुसरे लग्न. इथल्या बागवाल्यांत आणि मेंढरेवाल्यांत ही रीत पूर्वापार आहे. रात्री, फारसा गाजावाजा न करता लावतात, पण लावतात. मी सांगितले, की त्या लोकांत तशी रीत नाही. कोणाचा विश्वास बसेना. एवढी शिकलेली, झोपाळ्यावर बसणारी माणसे, आणि त्यांना एवढे सुचत नाही? मी पत्रकांचा आख्खा गठ्ठा पाठ करून ज्या सुधारणेसाठी पेटून उठलो होतो, ती या लोकांच्या घरी आजीच्या वेळेपासून नांदत होती. पाणी घेऊन विहिरीवर गेल्यासारखी माझी अवस्था झाली.

पुढच्या ओळीत भागू बसली होती. वाडीतले सधन बागाईतदार रंगराव तात्या, त्यांची ही मुलगी. नवरा पटकीच्या साथीत गेलेला. तिचाही पाट ठरला होता, निमगावच्या शिवरामशी. शिवरामचा पानमळा होता आणि त्याचा स्वभाव पानवेलीसारखा, आधार मिळेल तिकडे वळणारा. त्या दिवशी बायकांनी भागूला कोपरखळ्या मारून बेजार केले.

"भागे, तुझ्या शिवरामला धाकला भाऊ हाय का गं? कावेरीला कळवू."

"त्यो वकील काय कामाचा न्हाय बाई. नदीवरच मुक्काम त्येचा."

भागू पदराआड हसत होती. मी मनात म्हटले, चला, निदान एका कावेरीचे बरे होणार आहे.

याच सुमारास रंगराव तात्यांनी पोथीत लक्ष घातले. ऊस चांगला झाला होता, दगडी घर नवे बांधले होते, आणि मोठ्या घरात राहायचे कसे हे सांगणारे आसपास कोणी नव्हते. ते देवळात येऊन दोन प्रकरणे ऐकून गेले आणि म्हणाले, "बुवा, मोठ्या घरची पोथी देवळात कशापाय? आमच्या ओसरीवर वाचा. यजमानपण आमच्याकडं."

तात्या ऐकत ते आबांसारखे नव्हे. आबा गोष्ट ऐकत. तात्या घर ऐकत. "झोपाळ्याच्या कड्या पितळी म्हणालात का लोखंडी?" "पितळी." पुढच्या खेपेला ओसरीवर पितळी कड्यांचा झोपाळा होता. मग दोन समया आल्या. कादंबरीतला म्हातारा यजमान कधी आवाज चढवत नाही, नुसता खाकरतो आणि सारे घर थरथरते. तात्याही खाकरू लागले. पण ही भाषा घरात कोणाला येत नव्हती. गड्याला वाटले मालकांना खोकला झाला. त्याने अडुळशाचा पाला आणून पुढे ठेवला.

मी हसलो. सायकलवरून बारामतीपर्यंत हसत गेलो. पण नंतरच्या खेपेला पाहतो तर बायका ओसरीवर नाहीत, दाराआड. मोठ्या घरातल्या बायका दाराआड बसतात, असे मीच वाचले होते. आणि आरती झाल्यावर आबांनी मला हळूच सांगितले, की तात्यांनी निमगावला निरोप धाडला. आमच्यात आता पाट लावत न्हाईत.

मी तडक तात्यांपुढे उभा राहिलो.

"तात्या, भागूचा पाट ठरला होता ना?"

"ठरला व्हता. तवा पोथी ऐकली नव्हती."

"अहो, लेखकानं हे वाईट आहे म्हणून लिहिलंय! त्या घराला लाज वाटावी म्हणून लिहिलंय!"

तात्यांनी झोपाळ्याला सावकाश एक झोका दिला. "वाईट घराचं कुणी येवढं जाड पुस्तक लिवंल व्हय? आमच्या आज्ज्यानं पाट लावला. आमच्या आत्याचा पाट लागला. आमच्यावर कुणी चार वळी लिवल्यात का? सांगा."

यावर उत्तर असलेले पत्रक माझ्याकडे नव्हते. ज्या कादंबरीने विधवांची दारे उघडायची, तिने माझ्याच तोंडून एक उघडे दार बंद केले होते.

मग मी माझ्या परीने उपाय केला. पुढच्या प्रकरणात कावेरी संध्याकाळी गच्चीवर एकटीच उभी असते. तिथे मी पान तसेच धरून ठेवले आणि तिच्या तोंडी माझे सर्वांत धारदार पत्रक घातले. "कावेरी म्हणाली, 'बंधूंनो आणि भगिनींनो! रूढीच्या शृंखला तोडून फेका! जो समाज अर्ध्या माणसांना कोंडतो, त्याचा धिक्कार असो!'" मी रंगलो होतो. दाराआडून आवाज आला, "अगं बया, हिला आज काय झालं? कालपातूर पाणी मागाय लाजत व्हती."

"आन् गच्चीवर बंधू कुठनं आलं?" दुसरीने विचारले.

तेव्हा माझ्या लक्षात आले, की आबांचा हुंकार केव्हाच थांबला आहे. ते माझ्या हाताकडे पाहत होते.

"बुवा, लई येळ झाला. पान उलटलं न्हाईस."

"आबा..."

"ही तुझं हाय, का पोथीतलं?"

"माझं."

"मग तुझं तू आरती झाल्यावर सांग. लोकाच्या कालवणात आपलं मीठ टाकू नये."

आरती झाल्यावर मी ते भाषण पुन्हा केले. ऐकायला मी आणि कंदील होतो.

नानांकडे जाऊन मी पुस्तक टेबलावर आपटले. "हे मागं घ्या. याच्या जागी पत्रक द्या."

"शेवट वाचलास?" नानांनी विचारले.

नव्हता वाचला. वाडीबरोबर प्रकरणापुढे प्रकरण चाललो होतो. तिथेच उभ्या उभ्या वाचला. कावेरी माडीवरच्या कोंदट खोलीत तापाने झिजत जाते. पाणी मागते, ते वेळेवर कोणी आणत नाही. वकील अखेर धीर करून येतो, तेव्हा दारात माणसे जमलेली असतात. संपले. शेवटच्या पानावर केशतेलाची जाहिरात.

"हे मी तिच्यासमोर वाचू? नाना, मी शेवट बदलतो."

"गच्चीवरचं भाषण पचलं का?" नानांना सगळे कळत असे. "अर्धी पोथी सोडता येत नाही, असं म्हणतात ना ते लोक? मग वाच. जसा आहे तसा."

वाडीकडे जाताना मळ्यात भागू वांग्याच्या वाफ्यांना पाणी धरत होती. मोठ्या घराची रीत ओसरीपुरतीच होती; मळ्यात ती मोकळी होती. तिने खोरे टेकले.

"बुवा, कावेरीचं शेवटाला काय व्हतं?"

मला खोटे बोलता येत नाही. पत्रकवाल्यांचा हा धंद्यातला दोष. "मरते," मी म्हणालो.

"आन् पाट?"

"नाही."

तिने खोरे उचलले. "बरं," म्हणाली, आणि दुसऱ्या वाफ्याचे तोंड फोडले. त्या 'बरं'ने माझी झोप उडाली. त्याच मळ्यात विहीर होती.

समाप्तीच्या दिवशी तात्यांनी पुरणाचा घाट घातला होता. वाडी लोटली. ओसरीच्या पायरीवर, कोणी बोलावले नसताना, निमगावचा शिवराम पानांची डाली घेऊन बसला होता. तात्यांनी त्याला पाहिले आणि खाकरले. तो तसाच बसून राहिला. ही भाषा त्यालाही येत नव्हती.

मी वाचायला लागलो. आबांचा "व्हय" सुरुवातीला ठणठणीत होता. कावेरीचा ताप चढला तसा तो बारीक होत गेला. तिने पाणी मागितले तिथे तो थांबला. शेवटचे वाक्य मी वाचले आणि वर पाहिले. गूळखोबऱ्याच्या ताटाकडे पोरेसुद्धा पाहत नव्हती.

"हं," तात्या म्हणाले. "घ्या आरती."

तेवढ्यात दाराआडून भागूचा आवाज आला, अगदी शांत. "आबा, पर समाप्ती कशी करायची? पोथी तर मरणावर थांबली."

आबांनी मान वर केली. "व्हय की! बुवा, फलश्रुती वाच."

प्रत्येक पोथीच्या शेवटी फलश्रुती असते: जो ही ऐकेल त्याचे घर धान्याने भरेल, गोठा भरेल, पाळणा हलेल. कादंबरीत ती नसते. मी तसे सांगितले.

"मग ऐकणाऱ्याला काय मिळायचं?" कोणीतरी विचारले.

"जी ऐकलं तीच," आबा म्हणाले. "पोथीत घडतं ती यजमानाच्या घरी येतं. म्हणून तर जुन्या लोकांनी शेवट ग्वाड केल्यात."

तात्यांचा झोपाळा थांबला. "बुवा, मागं येखादं पान असंल."

"केशतेलाची जाहिरात आहे."

"ती वाचा की!"

"त्यानं केस वाढतात फक्त."

तात्या उतरून माझ्याजवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "बुवा, तुमी असलं काय मानत न्हाई ही सगळ्या कालव्याला ठाव हाय. सांगा ह्यास्नी, पोथीनं कुणाच्या घरी काय व्हत न्हाय म्हणून."

वाचकहो, माझी काय अवस्था झाली असेल पाहा. भोळ्या समजुतींवर मी आयुष्यभर आसूड ओढलेले. घशात आख्खे पत्रक तयार होते, उद्गारचिन्हांसकट. ते सोडले असते तर मी तत्त्वाला जागलो असतो आणि भागू कायमची दाराआड गेली असती. आणि समजुतीला होय म्हटले असते तर बापाचे तोंड पुन्हा पाहता आले नसते. दाराची कडी हळूच वाजली. मी झोपाळ्याकडे पाहिले आणि मला एकदम खरे उत्तर दिसले.

"तात्या, पोथीनं घरात काही होत नाही, असं मी कसं म्हणू? हा झोपाळा पोथीनंच आला. समया पोथीनंच आल्या. बायका दाराआड पोथीनंच गेल्या. निमगावला निरोप पोथीनंच गेला. एवढं सगळं आलं, आणि शेवट तेवढा येणार नाही, याची हमी मी देत नाही."

उद्गारचिन्ह नसलेले ते माझ्या आयुष्यातले पहिले भाषण. तात्या खाली बसले.

आबा म्हणाले, "मंगल कार्यानं मिटायची पोथी. तवर उघडीच ऱ्हाऊ द्या."

"घरात लग्नाचं कोण हाय?" तात्यांनी विचारले. सगळे पायरीकडे पाहत होते. तात्यांनीही पाहिले. "ह्येला पानं कुणी सांगितली?"

"म्या," दाराआडून भागू म्हणाली. "समाप्तीला इडं लागत्यात."

"कमी पडली तर अजून आणतो," शिवराम म्हणाला. त्या दिवशी तो एवढे एकच वाक्य बोलला, पण वेळेवर बोलला. कादंबरीतल्या वकिलाला जे आख्ख्या पुस्तकात जमले नाही ते याने पानांची डाली मांडीवर घेऊन केले.

तात्या खूप जोरात खाकरले. गड्याने अडुळसा आणला.

पुस्तक उघडेच राहिले. पुस्तकाला ओसरीवर सगळ्यांत उंच जागा हवी, म्हणून आबांनी चौरंग उचलून झोपाळ्यावर ठेवला. आता झोपाळ्यावर कोणाला बसता येईना. बारामतीहून नाना विचारीत होते, पुस्तक परत का येत नाही. मी कळवले, अजून संपायचे आहे.

इथवर तुम्ही म्हणाल, तात्या भीतीने वळले. मीही तसेच समजत होतो. पण पुढच्या खेपेला मी ओसरीच्या कडेला सायकल लावत होतो, तेव्हा एक गुळाचे व्यापारी आले होते. झोपाळ्यावर पुस्तक कशाला, असे त्यांनी विचारले. येणारा प्रत्येक पाहुणा हेच विचारत होता, आणि प्रत्येकाला तात्यांना कावेरीची सगळी गोष्ट सांगावी लागत होती. ऐकताना त्यांना घर दिसले होते. सांगताना घर सांगून चालत नाही, माणसे सांगावी लागतात. तात्या सांगत होते, चांगले सांगत होते, कावेरी पाणी मागते तिथपर्यंत आले आणि थांबले. व्यापारी म्हणाले, "मग? दिलं का कुणी?" तात्यांनी दाराकडे पाहिले. दाराआड भागू तांब्या घेऊन उभी होती. पाहुण्यांसाठीच आणला होता तो.

"भाईर ये, पोरी," तात्या म्हणाले. "हितं ये. उजेडात."

पाट रात्री लावायची रीत आहे. पण पोथीची समाप्ती दिवसा होते, असे आबांनी बजावले, म्हणून भागूचा पाट भर दुपारी, सगळ्या वाडीदेखत, वाजंत्री लावून लागला. दिवसाउजेडी लागलेला असा पाट मी तरी पहिलाच पाहिला. माझ्या सगळ्या पत्रकांनी मिळून एवढे काम कधी केले नव्हते. मी चौरंगावरचे पुस्तक मिटले. आबा म्हणाले, "व्हय."

आता माझी पेटी निमगावच्या पानमळ्यातही थांबते. परवा भागूने विचारले, "बुवा, त्या वकिलाचं पुढं काय झालं वो?"

"पुस्तक तिथंच संपतं."

"त्यो उशिरा आला, खरं. पर आला तर व्हता. दारातल्या माणसांनी त्येला च्या तरी दिला का न्हाय?"

मला ठाऊक नाही. वाळवीने नाव खाल्लेल्या त्या लेखकालाही ठाऊक नसावे. पत्रकाला आजवर कोणी असा प्रश्न विचारलेला नाही. पत्रक भिंतीवर चिकटते, भिंत ते वाचत नाही. तरीही मी पत्रके लिहितो आणि लिहीत राहीन. पण हल्ली लिहिताना मनात विचारतो, की यातल्या बाईने पाणी मागितले तर कोण आणणार?

म्हणून माझी एक विनंती आहे, आणि ती नुसती वाचून सोडू नका. हा अंक खाली ठेवलात की घरातली एखादी जुनी कादंबरी काढा. आजच संध्याकाळी मोठ्याने वाचायला घ्या, आतल्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मधले दार उघडे ठेवा. आपले काही मिसळू नका, गाळू नका, अर्धी सोडू नका. आणि शेवटचे वाक्य वाचून झाल्यावर पुस्तक लगेच मिटू नका. आतून कोणी काही विचारते आहे का, तेवढे ऐका.